दुसऱ्याच्या बाहुलीचा उजवा हात होताना

मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात बाहुलीकार म्हणून रुजू होणाऱ्या नव्या कलाकाराला पहिल्याच दिवशी स्वतःचे पात्र मिळत नाही. बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या पात्राचा उजवा हात येतो. एखाद्याचा उजवा हात असणे म्हणजे त्याचा सर्वांत विश्वासू माणूस असणे, हा अर्थ आपण रोजच्या बोलण्यात सहज वापरतो. इथे मात्र नेमणूक आधी होते आणि विश्वास नंतर कमवावा लागतो, तोही कॅमेरा सुरू असताना, दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून आणि मान वाकडी करून उभे राहून. हा लेख त्या पहिल्या काही महिन्यांसाठी आहे. बाहुलीचे तोंड कसे हलवावे, नजर कुठे ठेवावी, याची शिकवणी मिळू शकते. शेजारच्या माणसाबरोबर काम कसे करावे हे सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या अनुभवात नवे कलाकार अडखळतात ते नेमके तिथेच.

आधी बाहुलीची रचना समजून घ्या

तुमचे आणि तुमच्या जोडीदाराचे नाते कसे असेल, हे बऱ्याच अंशी बाहुलीच्या बांधणीवरच ठरते. काही बाहुल्यांच्या मनगटांना बारीक काड्या जोडलेल्या असतात. अशी बाहुली एकच कलाकार चालवू शकतो: त्याचा उजवा हात बाहुलीच्या डोक्यात आणि दोन्ही काड्या डाव्या हाताच्या बोटांत. दुसऱ्या प्रकारात बाहुलीचे हात म्हणजे बाहीला जोडलेले हातमोजेच असतात आणि त्यांत माणसाचा खराखुरा पंजा जातो. या प्रकारात मुख्य कलाकार उजव्या हाताने डोके व तोंड सांभाळतो, डाव्या हाताने बाहुलीचा डावा हात करतो, आणि उजव्या बाहीत हात घालायला दुसरा माणूस लागतोच. वस्तू उचलायच्या, पान उलटायचे, डबा उघडायचा असेल तर ही दुसरी रचना फार सोयीची पडते. म्हणून मुलांच्या कार्यक्रमांत ती पुष्कळ दिसते.

‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांसाठीचा अमेरिकन बाहुल्यांचा कार्यक्रम १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाला. त्यातील अर्नी आणि बर्ट या जोडीकडे या दृष्टीने पाहावे. बर्टच्या हातांना काड्या आहेत, अर्नीचे हात हातमोज्याचे आहेत. म्हणजे पडद्यावर दोघे मित्र गप्पा मारत असले तरी चौकटीखाली तीन माणसे दाटीवाटीने उभी असतात. मपेट बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन अर्नी करत आणि त्यांचे सहकारी फ्रँक ओझ बर्ट करत, हे अनेकांना माहीत असते. पण त्याच्याही आधी, १९६३ साली, १९ वर्षांचे ओझ हेन्सन यांच्याकडे रुजू झाले तेव्हा त्यांच्याकडे रोल्फ नावाच्या कुत्र्याचा उजवा हात आला होता. डोके, आवाज आणि डावा हात हेन्सन यांचा. पुढे ‘द मपेट शो’मधील स्वीडिश शेफ या पात्रात डोके व आवाज हेन्सन यांचा आणि दोन्ही उघडे हात ओझ यांचे, अशी वाटणी होती. दोन माणसांच्या अंगांतून एक प्राणी उभा करण्याची सवय त्यांना आधीपासून होती, म्हणूनच अर्नी आणि बर्ट हे दोन वेगळे प्राणी इतक्या सहजतेने एकमेकांचे बोलणे पेलू शकले, असे माझे मत आहे.

जपानच्या बुनराकू या बाहुली-नाट्याच्या परंपरेत हीच गोष्ट अधिक कडक शिस्तीने केली जाते. तिथे १७३४ पासून एक बाहुली तीन माणसे चालवतात: मुख्य कलाकार डोके आणि उजवा हात, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय. पायांवर दहा वर्षे, डाव्या हातावर दहा वर्षे आणि मग डोके, असा शिक्षणाचा क्रम परंपरेने सांगितला जातो. पाय चालवणारा वाकून मुख्य कलाकाराच्या कमरेला आपला दंड टेकवून असतो आणि त्या स्पर्शातून पुढचे पाऊल कधी पडणार ते ओळखतो. टीव्हीच्या कामात दहा वर्षे थांबायला कोणी सांगत नाही. पण स्पर्शातून हालचाल ओळखण्याचे तत्त्व इथेही जसेच्या तसे लागू आहे, आणि पुढे त्याचा उल्लेख वारंवार येईल.

पहिल्या भेटीत काय विचारावे

तालमीच्या आधी मुख्य कलाकाराला दहा मिनिटे मागून घ्यावीत. ओळखीच्या गप्पांसाठी नव्हे, कामाच्या प्रश्नांसाठी. पहिला प्रश्न अंगस्पर्शाचा असावा, कारण तुम्ही दोघे तासन्‌तास एकमेकांना चिकटून उभे राहणार आहात. “माझा डावा हात तुमच्या पाठीवर टेकवला तर चालेल का, की खांद्यावर ठेवू?” असे सरळ शब्दांत विचारावे. समोरची व्यक्ती कितीही ज्येष्ठ असो वा समवयस्क, स्त्री असो वा पुरुष, हा प्रश्न गृहीत धरून सोडू नये. आणि तुम्हाला स्वतःला एखादा स्पर्श नको असेल तर तेही याच भेटीत सांगावे. नंतर सांगणे अवघड जाते. पुढे हा संकोच साठून राहतो आणि बाहुलीच्या खांद्यात उतरतो: दोन माणसे एकमेकांपासून अंग चोरू लागली की बाहुलीचा उजवा हात धडापासून लांब जातो आणि बाही ताणलेली दिसते.

दुसरा प्रश्न पात्राचा. हे पात्र डावखुरे आहे की उजवे? ते विचार करताना हनुवटीला हात लावते का? घाबरले की हात छातीशी घेते की मागे नेते? मुख्य कलाकाराने ते पात्र अनेक वर्षे केलेले असेल तर त्याच्याकडे यांची तयार उत्तरे असतात, आणि ती त्याने तुम्हाला न विचारता सांगावीत अशी अपेक्षा ठेवू नये. तिसरा प्रश्न उंचीचा. तुमच्या दोघांच्या उंचीत फरक असेल तर जाड तळाचे बूट किंवा पायाखाली फळी घ्यावी लागते. ती कोणी घ्यायची हे आधीच ठरवावे. साधारणपणे उजवा हात करणाऱ्याने मुख्य कलाकाराच्या उंचीशी जुळवून घ्यावे, कारण बाहुलीच्या डोक्याची उंची कॅमेऱ्यासाठी आधीच निश्चित झालेली असते.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात: अंघोळ करून यावे, उग्र सुगंध टाळावा, नखे कापलेली असावीत, घड्याळ आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात, गडद रंगाचे साधे कपडे घालावेत. तुमचे नाक त्याच्या काखेजवळ आणि त्याचे तुमच्या केसांजवळ असणार आहे. यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

हात हलवण्याआधी श्वास ऐका

आता मुख्य भाग. नव्या माणसाला वाटते की उजव्या हाताचे काम म्हणजे योग्य वेळी योग्य वस्तू उचलणे. वस्तू उचलणे सोपे आहे. अवघड आहे ते हा हात त्या डोक्याचाच आहे असे वाटायला लावणे, आणि ते पूर्णपणे तुम्ही जोडीदाराच्या शरीराकडे किती लक्ष देता यावर अवलंबून असते.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग सांगतो. दृश्य अगदी लहान होते: एका पात्राचा पतंग झाडात अडकतो, ते वर पाहते, मग खाली पाहते आणि डोळे पुसते. मला कुठल्या ओळीनंतर हात उचलायचा हे पाठ होते. ओळ संपताच मी हात वर नेला, डोळ्याशी नेला, पुसला. माझ्या दृष्टीने सर्व काही वेळेवर झाले होते. मुख्य कलाकार ज्येष्ठ बाई होत्या. त्यांनी बाहुली अलगद खाली घेतली आणि मॉनिटरवर, म्हणजे कॅमेऱ्यातले चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर, तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. “पाहा, हात आधी रडला,” त्या म्हणाल्या. खरोखरच, डोके अजून वर पाहत होते आणि हात डोळ्याकडे निघाला होता. त्यामुळे आपल्याला रडू येणार हे त्या पात्राला आधीच ठाऊक आहे, असे दिसत होते. दुसऱ्या वेळी मी ओळ मोजणे सोडून दिले. माझा डावा तळवा त्यांच्या पाठीवर होता. संवाद संपल्यावर त्यांनी श्वास सोडला, बरगड्या खाली गेल्या, मग डोके झुकले, आणि तेव्हा कुठे मी हात उचलला. मध्ये गेला असेल जेमतेम एक क्षण, पण त्या क्षणात पात्राला दुःख होताना दिसले.

या प्रसंगातून निघणारा क्रम तुम्ही कागदावर लिहून तालमीच्या खोलीत लावलात तरी चालेल: आधी श्वास, मग नजर, मग डोके, मग हात. प्राणी असो वा माणूस, ज्या वस्तूकडे हात जाणार तिच्याकडे सहसा नजर आधी जाते. म्हणून टेबलावरचा चेंडू उचलायचा असेल तर बाहुलीचे डोळे चेंडूकडे वळेपर्यंत तुमचा हात निघता कामा नये. आवाज जागच्या जागी दिला जात असेल तर प्रत्येक ओळीआधी मुख्य कलाकार श्वास घेतो. तो श्वास पाठीवर टेकवलेल्या तळव्याला स्पष्ट जाणवतो आणि शब्द ऐकू येण्याच्या आधीच तुम्हाला पूर्वसूचना मिळते. पटकथेतील ओळी पाठ असाव्यातच, पण हाताने ओळींच्या मागे न जाता श्वासाच्या मागे जावे.

सरावासाठी टाळी हा उत्तम प्रकार आहे. ऐकायला फार साधे वाटते, करून पाहा. बाहुलीचा डावा हात एका माणसाचा, उजवा दुसऱ्याचा, दोघेही मान वर करून मॉनिटरकडे पाहत आहेत, आणि दोन्ही पंजे हवेत नेमके छातीसमोर भेटले पाहिजेत. दोघेही पुढे आले तर हात एकमेकांवर आदळतात किंवा चुकून बाजूने निघून जातात. त्यासाठी आधी ठरवावे की डावा हात जागा धरून बसेल आणि उजवा त्याच्याकडे जाईल. वेग मुख्य कलाकाराचा, भेट तुमची. दहा टाळ्या न चुकता झाल्या की वेग वाढवावा, मग टाळीचे रूपांतर हात चोळण्यात करावे, मग गाठ बांधण्यात. गाठ बांधता येणारी जोडी पुढे जवळजवळ काहीही करू शकते. रोज तालमीपूर्वी पंधरा मिनिटे हा सराव केला तर महिन्याभरात बोलून समजावण्याची गरज निम्म्याने कमी होते, हे मी स्वतः अनेक जोड्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

एक मर्यादा पाळावी. उजवा हात करणाऱ्याने चित्रीकरणात स्वतःहून विनोद घालू नये. मुख्य कलाकार महत्त्वाचे वाक्य बोलत असताना तुमचा हात टेबलावर बोटे वाजवू लागला तर पाहणाऱ्या मुलाची नजर बोटांकडे जाते आणि वाक्य वाया जाते. कल्पना सुचली तर तालमीत द्यावी, “या ओळीवर हाताने टोपी सरळ केली तर कसे दिसेल?” अशी, आणि नकार आला तर ती तिथेच सोडावी. चांगले जोडीदार काही आठवड्यांनी स्वतःच मोकळीक देऊ लागतात. ती मिळाल्यावर वापरावीच, कारण केवळ आज्ञा पाळणारा हात निर्जीव दिसतो.

मॉनिटर, माइक आणि ठरलेल्या खुणा

बाहुलीकार कॅमेऱ्याकडे पाहत नाही, जोडीदाराकडेही पाहत नाही. तो मॉनिटरकडे पाहतो. परंपरेने या मॉनिटरवरचे चित्र आरशासारखे उलटवलेले नसते, म्हणून तुम्ही हात स्वतःच्या उजवीकडे नेला की पडद्यावर तो डावीकडे जातो. ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि त्या काळात ‘उजवीकडे’ हा शब्द भांडणाचे मूळ ठरतो. पहिल्याच दिवशी सर्वांनी ठरवावे की बोलताना फक्त ‘कॅमेऱ्याची डावी’ आणि ‘कॅमेऱ्याची उजवी’ असेच म्हणायचे. तुम्ही शब्द चुकलात तर लगेच दुरुस्त करावा. समजून घेतील अशी आशा करू नये.

पुष्कळ कार्यक्रमांत आवाज चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होतो आणि माइक मुख्य कलाकाराच्या कपाळाला पट्टीने बांधलेला असतो. तुमचे तोंड त्या माइकपासून वीतभर अंतरावर असते. याचे दोन परिणाम होतात. एक, टेक सुरू असताना कुजबुजून काहीही सांगता येत नाही. दोन, टेक थांबल्यावरही ध्वनिमुद्रकाच्या कानात तुमचे सर्व बोलणे पोहोचत असते, म्हणून दिग्दर्शकाबद्दल, लेखकाबद्दल किंवा दुसऱ्या बाहुलीकाराबद्दल तिथे काही बोलू नये. यात लपवाछपवीचा भाग नाही. ध्वनिमुद्रकाला नको असलेल्या बोलण्याचा साक्षीदार बनवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

कुजबुजता येत नसेल तर स्पर्शाच्या खुणा ठरवाव्या लागतात. मुख्य कलाकाराचे दोन्ही हात अडकलेले असतात, त्यामुळे त्याच्याकडे उरतात ते कोपर, कंबर आणि गुडघा. कोपराचा एक हलका दाब म्हणजे ‘थांब’, गुडघ्याचा स्पर्श म्हणजे ‘आता बाजूला सरकू या’, अशा तीन-चार खुणा पुरेशा आहेत. त्याहून अधिक ठरवल्या तर ऐन वेळी आठवत नाहीत. तुमचा मोकळा डावा हातही बोलू शकतो: वस्तू नीट पकडीत आली की पाठीवर एक बोट दाबावे, म्हणजे मुख्य कलाकार निश्चिंतपणे पुढची ओळ बोलू शकतो.

सेट कसा आहे यावरही बरेच अवलंबून असते. जमीन उंचावर बांधलेली असेल तर बाहुलीकार खाली सरळ उभे राहतात. बाहुल्या खऱ्या माणसांबरोबर एकाच जमिनीवर काम करत असतील तर बाहुलीकारांना चाकांच्या बुटक्या बैठकीवर बसून किंवा आडवे पडून सरकावे लागते. चाकांवर असताना दोन जोड्यांची धडक होणे नेहमीचे आहे. कोणी आधी निघायचे आणि कोणाची वायर कोणाच्या चाकाखाली येऊ शकते, हे प्रत्येक दृश्याआधी मोठ्याने बोलून घ्यावे.

चूक सांगण्याची रीत

बाहुलीकारांमधले संबंध बिघडतात ते बहुधा चुकांमुळे नव्हे, तर चूक कोणी, कुठे आणि कोणाच्या देखत सांगितली यामुळे. याबाबतीत मी स्वतः एक मोठी चूक केलेली आहे. गर्दीचे दृश्य होते, आठ-नऊ बाहुल्या चौकटीत. शेजारच्या कलाकाराच्या बाहुलीची नजर बोलणाऱ्या पात्राच्या डोक्यावरून जात होती. ते मला मॉनिटरवर दिसले आणि टेक थांबताच मी दिग्दर्शकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “तुझी नजर चुकते आहे.” निरीक्षण बरोबर होते. तो काही बोलला नाही, नजर सुधारली, पण त्यानंतर दिवसभर तो माझ्या बाजूने अंग आक्रसून उभा राहिला आणि आमच्या दोन बाहुल्यांमध्ये विनाकारण अंतर पडले. संध्याकाळी मी त्याची माफी मागितली तेव्हा कळले की त्याच्यासमोर एका उंच कलाकाराचा खांदा येत होता आणि त्याला मॉनिटरचा अर्धाच भाग दिसत होता. मी आधी “तुला मॉनिटर दिसतो का?” एवढे विचारले असते तर दोन्ही प्रश्न एकदमच सुटले असते.

तेव्हापासून मी पाळत आलेली रीत अशी. दुसऱ्याच्या बाहुलीच्या अभिनयाबद्दल सूचना दिग्दर्शकाने द्यावी किंवा मुख्य बाहुलीकाराने, म्हणजे सर्व बाहुलीकारांच्या प्रमुखाने द्यावी. बरोबरीच्या कलाकाराने नाही. सुरक्षिततेचा प्रश्न असेल, म्हणजे वायर अडकली आहे, काडी कोणाच्या डोळ्यापाशी आली आहे, तर मात्र कोणीही, कधीही, टेक मध्ये थांबवूनसुद्धा बोलावे. तांत्रिक गोष्ट असेल, जसे बाहीतून मनगट दिसते आहे किंवा कपाळाचा माइक चौकटीत आला आहे, तर ती त्या कलाकाराला एकट्याला, हळू आवाजात, दोन टेकच्या मध्ये सांगावी. सांगताना दोष माणसाला न लावता चित्राला लावावा: “तू हात वर घेतोस” असे न म्हणता “उजव्या कोपऱ्यात मनगट दिसते आहे” असे म्हटले की ऐकणारा लगेच मॉनिटरकडे पाहतो आणि स्वतःच सुधारतो.

तुम्हाला सूचना मिळाली तर कारण सांगत बसू नये. “कळले” एवढे म्हणून पुढच्या टेकमध्ये बदल दाखवावा. सूचना समजली नसेल तर मात्र लगेच पुन्हा विचारावे, कारण न समजता मान हलवणारा जोडीदार मुख्य कलाकाराला सर्वांत जास्त थकवतो. आणि स्वतःची चूक झाली असेल तर दुसऱ्याने बोट दाखवण्याआधीच बोलावे. उजव्या हाताच्या चुकीचा दोष पुष्कळदा पात्राला, म्हणजे मुख्य कलाकाराला लागतो. “तो हात माझा होता, मी लवकर निघालो” हे वाक्य मोठ्याने उच्चारणारा सहकारी सर्वांना हवासा वाटतो.

दुसऱ्याच्या बाहुलीला न विचारता हात लावू नये, हाही याच रीतीचा भाग समजावा. स्टँडवर ठेवलेली बाहुली गमतीने हातात घालून बोलायला लावणे नव्या माणसाला निरुपद्रवी वाटते. पण डोक्याच्या आतला फोम त्या कलाकाराच्या बोटांप्रमाणे दबलेला असतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो आवाज, ती लकब त्याने वर्षानुवर्षे घडवलेली असते. बाहुली उसवली किंवा डोळा सैल झाला तर स्वतः सुई-दोरा घेऊ नये. बाहुल्यांची देखभाल करणाऱ्या कारागिराला ताबडतोब सांगावे. कारागिराशी प्रामाणिक राहिलेल्या बाहुलीकाराची बाहुली नेहमी वेळेवर दुरुस्त होऊन मिळते.

दुखणे लपवू नये

डोक्याच्या वर हात धरून, त्यात बाहुलीचे वजन पेलत उभे राहणे खांद्याला, मानेला आणि मनगटाला फार जड जाते. नव्या माणसाला वाटते की तक्रार केली तर आपल्याला कमकुवत समजतील. वास्तविक तुमचा हात थरथरू लागला की मुख्य कलाकाराला तो तोलून धरावा लागतो आणि दुखापत दोघांना होते. म्हणून जोडीने आपली मर्यादा ठरवावी आणि फ्लोअर मॅनेजरला आधीच सांगून ठेवावी: दिवे लावताना बाहुली वर धरायची असेल तर इतकाच वेळ, त्यानंतर विश्रांती. हे सांगण्याचे काम मुख्य कलाकाराने करावे असा संकेत असला तरी तो स्वतःचे दुखणे गिळणारा असेल तर तुम्ही सांगावे. ‘कट’ ऐकल्यावर हात झटकन खाली ओढू नये. दोघांनी एकाच वेळी, एकाच वेगाने बाहुली खाली घ्यावी, नाहीतर बाहीला झटका बसतो आणि शिवण तुटते.

समोर खरे मूल असेल तेव्हा

सेटवर लहान मूल आले की सर्व नियम आणखी बारकाईने पाळावे लागतात. मुलाला खाली दोन माणसे दिसत असतात, तरीही ते बोलते बाहुलीशीच. कॅमेरा बंद झाला म्हणून बाहुलीचे डोके लगेच लटके सोडले तर मुलाचा चेहरा पडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून मूल समोर असेपर्यंत बाहुली जिवंत ठेवावी, तिने निरोप घ्यावा, आणि मूल वळून गेल्यावरच ती खाली घ्यावी. यासाठी दोघांमध्ये आधी बोलणे झालेले असावे, कारण एकाने डोके जिवंत ठेवले आणि दुसऱ्याने हात बाहीतून काढून घेतला तर मुलासमोर रिकामी बाही लोंबकळते. मुलाने अचानक बाहुलीचा हात धरला तर तो हात तुमचा आहे. घाबरून मागे घेऊ नये, हलकेच धरून ठेवावा आणि मुख्य कलाकाराला बोलायला वेळ द्यावा. मूल काय विचारेल हे कोणत्याही पटकथेत नसते. अशा वेळी उत्तर एकाच तोंडाने द्यायचे असते, म्हणून तुम्ही गप्प राहावे.

दुसऱ्याचे पात्र सांभाळायला मिळाले तर

काही वर्षांनी मुख्य कलाकार आजारी पडला किंवा निवृत्त होऊ लागला, तर त्याच्या पात्राची जबाबदारी तुमच्याकडे येऊ शकते. उजवा हात करणाऱ्याने ते पात्र सर्वांत जवळून पाहिलेले असते, म्हणून हा विचार अनेकदा होतो. यात ईर्ष्या, दुःख आणि संकोच एकत्र येतात. ‘सेसमी स्ट्रीट’मधील बिग बर्ड हे ८ फूट २ इंच उंचीचे पात्र कॅरल स्पिनी यांनी १९६९ पासून केले. ते आत उभे राहून उजवा हात डोक्यावर ताणून पक्ष्याचे डोके चालवत आणि छातीवर बांधलेल्या छोट्या मॉनिटरवर चित्र पाहत. मॅट व्होगेल यांनी त्यांच्या हाताखाली अनेक वर्षे ते पात्र शिकून घेतले. २०१५ च्या सुमारास स्पिनी यांना तोल सांभाळणे कठीण झाले तेव्हा आतले शारीरिक काम व्होगेल यांच्याकडे गेले. आवाज मात्र २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत स्पिनी यांनीच दिला. पात्र एकदम हातातून काढून न घेता टप्प्याटप्प्याने सोपवण्याचा हा नमुना मला फार योग्य वाटतो.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्या कलाकाराला विचारून घ्यावे, शक्य असेल तोवर त्याच्या देखत तालीम करावी, आणि त्याच्यासमोर किंवा मागे “आता मी हे अधिक चांगले करतो” असा सूर लावू नये. आवाजाची नक्कल करण्याआधी त्या पात्राला कशाची भीती वाटते आणि कशाचा आनंद होतो हे समजून घ्यावे. तात्पुरत्या बदलीत स्वतःचे नवे काही घालू नये. मूळ कलाकार परत आल्यावर त्याला पात्र जिथे सोडले होते तिथेच सापडले पाहिजे.

जमतच नसेल तर

कधीकधी दोन चांगले कलाकारही जोडी म्हणून जमत नाहीत. एकाचा ताल जलद असतो, दुसऱ्याचा संथ. महिनाभर प्रामाणिक सराव करूनही टाळी चुकत असेल तर आधी आपसांत बोलावे आणि मग दोघांनी मिळून मुख्य बाहुलीकाराकडे जावे. एकट्याने जाऊन तक्रार केली की तिचा अर्थ वेगळा घेतला जातो. गैरवर्तन, धमकी किंवा नको असलेला स्पर्श असेल तर मात्र ही पायरी लागू नाही. तिथे जोडीदाराची परवानगी घेण्याचा प्रश्नच येत नाही. तारीख-वेळ लिहून ठेवावी आणि निर्मितीच्या जबाबदार व्यक्तीकडे लगेच लेखी कळवावे. श्रेयनामावलीत उजवा हात करणाऱ्याचे नाव येणार का, हा प्रश्नही चित्रीकरणाच्या धावपळीत न काढता करार करतानाच विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावे.

जोडी बदलली किंवा तुम्हाला स्वतःचे पात्र मिळाले, तर तुमच्या जागी येणाऱ्या नव्या माणसासाठी एक लहान वही सोडून जावी. त्यात ठरलेल्या खुणा लिहाव्यात, कोणत्या दृश्यात पायाखाली किती जाडीची फळी लागते ते लिहावे, उजव्या बाहीची कुठली शिवण वारंवार उसवते ते लिहावे, आणि पहिल्या पानावर हे लिहावे की बोलत नसताना या पात्राचा डावा हात नेमका कुठे विसावतो, कारण नव्या उजव्या हाताला सर्वांत आधी तोच शोधावा लागेल.